इलेक्ट्रिकलची मुलगी आणि एम्बेडेडची जागा

ताई,

मी बार्शीची. २०२३ साली इलेक्ट्रिकलमध्ये बी.ई. झाले आणि तेव्हापासून चाकणच्या बाजूला पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ड्रॉइंग, टेस्टिंग, कधी साइटवर जाऊन व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) पॅरामीटर भरणं, पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरशी) मॉडबस ही संदेशांची जोडणी करून देणं, असं काम. काम वाईट नाही, पण ड्राइव्हच्या आत काय चालतं ते कधी कळत नाही, आपण बाहेरून बटणं दाबतो एवढंच. मला ते आतलं काम करायचं आहे. एम.टेक.च्या गेट परीक्षेला इलेक्ट्रिकलच्या पेपरात पात्र झाले आहे. एका सरकारी कॉलेजात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हजला एम.टेक.ची जागा मिळेल असं दिसतं. एका खासगी कॉलेजात थेट एम्बेडेड सिस्टिम्सला (यंत्राच्या आत बसणारी चिप आणि तिचा प्रोग्रॅम, हा विषय) मिळते आहे. रूममेट म्हणते दोन वर्षं कशाला, सी-डॅकचा सहा महिन्यांचा कोर्स कर. मावसभाऊ म्हणतो जर्मनीला जा. बाबा महावितरणमध्ये लाइनमन होते, ते म्हणतात सहायक अभियंत्याची परीक्षा दे. माझी खरी भीती वेगळीच आहे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी फक्त पहिल्या वर्षाला केली, तीही पाठ करून. ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मुलांसमोर माझं काय होणार? इलेक्ट्रिकलवालीनं एम्बेडेडच्या नादी लागावं का?

– एक वाचक

*

तुझं पत्र वाचताना मला आधी एक वाक्य खुणावलं: ड्राइव्हच्या आत काय चालतं ते कळत नाही. ज्यांना फक्त 'आयटीत शिफ्ट' व्हायचं असतं त्यांच्या पत्रात हे वाक्य नसतं. त्यामुळे गोलगोल न बोलता सांगते. सरकारी कॉलेजातली पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची जागा घे आणि एम्बेडेड तिथेच शीक. पदवीवर 'एम्बेडेड' हा शब्द छापून येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. याला एक अट आहे, ती पुढे सांगते.

आधी ईएनटीसीच्या मुलांचं. साइटवर तू व्हीएफडीची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आतले स्विच सेकंदाला किती वेळा उघडतात-मिटतात तो आकडा, वाढवली असशील. मोटरची शिट्टी कमी होते, ड्राइव्ह जास्त तापतो, आणि तापमान बघून आपण ती पुन्हा थोडी खाली आणतो. तू बाहेरून जो आकडा भरतेस, तोच आत बसलेल्या फर्मवेअरचा (चिपमधल्या प्रोग्रॅमचा) ठोका असतो. दुचाकीच्या मोटर कंट्रोलरमध्ये तो २० किलोहर्ट्झ धर. म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एक फेरी. त्या फेरीत काय होतं ते बघ. टायमर पल्सच्या बरोबर मध्यावर एडीसीला (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाला) इशारा देतो, कारण त्या क्षणी कुठलाही स्विच उघडत-मिटत नसतो आणि करंटची लहर तिच्या सरासरीपाशी असते. दोन फेजचे करंट वाचले जातात, तिसरा वजाबाकीनं निघतो. रोटरचा कोन घेऊन क्लार्क आणि पार्क रूपांतरं होतात, तीन हलत्या लाटांचे दोन जवळजवळ स्थिर आकडे उरतात. दोन पीआय कंट्रोलर त्यांना हव्या त्या जागी ओढतात, मग उलटं रूपांतर, तीन ड्यूटी (स्विच फेरीतला किती वेळ चालू ठेवायचा ते), आणि ती टायमरच्या रजिस्टरमध्ये पुढच्या फेरीसाठी लिहून ठेवायची. प्रोसेसर १५० मेगाहर्ट्झचा असेल तर या सगळ्याला ७५०० क्लॉक सायकल मिळतात. त्यातच तापमान बघायचं, थ्रॉटल वाचायचा, कॅनवर (गाडीतल्या भागांना जोडणाऱ्या संदेशांच्या तारांवर) निरोप पाठवायचा. उशीर झाला तर ड्यूटी एक फेरी मागे पडते, लूपमध्ये फेज लॅग वाढतो आणि मोटर गुरगुरायला लागते.

आता मला सांग, यात इलेक्ट्रिकल कुठे संपतं आणि एम्बेडेड कुठे सुरू होतं? कोड ईएनटीसीचा मुलगा तुझ्यापेक्षा भरभर लिहील, पहिले सहा महिने तर नक्कीच. पण वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू राहिला तर डीसी बस शॉर्ट होते, म्हणून मध्ये डेड टाइम (दोन्ही बंद असण्याचा क्षण) ठेवायचा, आणि तो ठेवला की कमी वेगाला करंटचा आकार बिघडतो, हे त्याला शिकवावं लागतं. तुला ते आधीच्या पदवीतून ठाऊक आहे, निदान ठाऊक असायला हवं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या महिन्यात आवर्जून सांगावं लागतं की डिबगर (चुका शोधायचं साधन) ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण खूण केलेल्या ओळीवर, प्रोग्रॅम थांबवतो, मोटर थांबवत नाही. प्रोग्रॅम थांबला त्या क्षणी जो स्विच चालू होता तो चालूच राहिला, तर करंट चढत जातो आणि मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) फुटतो. म्हणून डिबग करताना टायमरचे आउटपुट आपोआप बंद होतील अशी सोय आधी करून ठेवायची, मग ब्रेकपॉइंट लावायचा. तसंच ओव्हरकरंटचं. ते संरक्षण सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडत नाहीत. कंपॅरेटरची तार थेट टायमरच्या ट्रिप पिनला जोडतात, म्हणजे प्रोसेसर कशातही गुंतलेला असला तरी पल्स बंद. कुठलं काम सॉफ्टवेअरकडे द्यायचं नाही हे ज्याला कळतं तो माणूस आम्हाला हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा मशीन्सचे तास मन लावून केलेला निघतो.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते. एडीसीवर स्थिर व्होल्टेज दिलंय, तरी आकडा हलतोय, काय करशील? दहातले बरेच जण लगेच म्हणतात, सरासरी काढीन, फिल्टर लावीन. एखादा विचारतो, ग्राउंड कसं ओढलंय, रेफरन्स कुठून घेतलाय, शेजारून पीडब्ल्यूएमची (भरभर चालू-बंद होणाऱ्या पल्सची) वायर जाते आहे का? त्याच्याशी मग मी चहा होईपर्यंत बोलते. तू पॅनेलमध्ये सिग्नलची वायर पॉवर केबलपासून लांब नेतेस ना? तेच ज्ञान आहे हे, फक्त मिलिमीटरमध्ये.

मॉडबसचंही तसंच. मॉडबस ज्यावरून जातो त्या आरएस-४८५ तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर तू लावत असशीलच. गाडीतल्या कॅन बसलाही तेच लागतात. वीज बंद करून दोन वायरींमध्ये मीटर धरला आणि ६० ओहम आले तर दोन्ही टोकं जागेवर आहेत, १२० आले तर एक गळालंय. बॉशनं १९८६ साली जगापुढे आणलेली ही बस आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे. तुला ती शिकायला आठवडा लागेल. कधी पॅनेल न उघडलेल्याला महिना लागेल.

आता तुझी खरी कच्ची बाजू. सी यायलाच हवं, त्याला पर्याय नाही, आणि पाठ केलेलं सी इथे उपयोगाचं नाही. पण जेवढं हवं तेवढं थोडं आहे: पॉइंटर, स्ट्रक्चर, बिटांवरच्या क्रिया, स्टॅटिक आणि व्होलाटाइल यांचा अर्थ, आणि पूर्णांक किती बिटांचा आहे याचं सततचं भान. पायथन, मशीन लर्निंग, वेब यांच्याकडे प्रवेश होईपर्यंत बघूही नकोस.

व्होलाटाइल म्हणजे काय हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि तिथे ते कुणालाही कळत नाही. हातानं करून बघ. बटण दाबलं की इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या तुकड्यात) एक व्हेरिएबल १ करायचं, मुख्य लूपमध्ये ते १ व्हायची वाट बघायची आणि एलईडी लावायचा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालव, चालेल. आता कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चढव. बहुधा एलईडी लागणार नाही. कंपायलरनं बघितलं की या लूपमध्ये तर हे व्हेरिएबल कुणीच बदलत नाही, मग दरवेळी मेमरीत कशाला डोकवायचं, एकदा वाचून रजिस्टरमध्ये ठेवू. इंटरप्ट त्याच्या हिशेबातच नाही. आता त्याच्यासमोर व्होलाटाइल लिही, आणि दोन्ही वेळचं असेंब्ली शेजारी-शेजारी उघडून बघ. एका संध्याकाळचं काम आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे इंटरप्टशी बेफिकिरीनं वागत नाही.

बोर्ड कुठला, असं विचारशीलच. आर्डुइनोनं हात बसवायला हरकत नाही, पण तिथे मुक्काम करू नकोस. त्यांच्या उनो बोर्डवर एक पिन वर-खाली करण्याचं तयार फंक्शन तीन-चार मायक्रोसेकंद खातं. थेट रजिस्टरला हात घातला तर तेच काम दोन क्लॉकमध्ये होतं, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या आठव्या हिश्श्यात. ५० मायक्रोसेकंदांच्या फेरीत हा फरक परवडत नाही. एसटीएम३२ चा न्यूक्लिओ बोर्ड घे, किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक लॅबमध्ये जो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा सी२००० मायक्रोकंट्रोलर असतो त्याचा लाँचपॅड बोर्ड घे. सुट्टीच्या दिवशी पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चक्कर मार. ब्रेडबोर्ड, सेन्सर, मॉस्फेट, सगळं तिथे मिळतं आणि दुकानदारांना विचारलं तर चार गोष्टी कळतातही. निळ्या रंगाचा स्वस्त एसटीएम३२ बोर्ड मात्र जपून घे, त्यात नकली चिपा फार आहेत, आणि शिकणाऱ्याला चूक आपली की चिपची हे ठरवता येत नाही. सोबत पिनांचं चालू-बंद होणं दाखवणारा एक साधा लॉजिक अ‍ॅनालायझर घे. ऑसिलोस्कोप कॉलेजात मिळेल.

डेटाशीट वाचायची सवय आत्तापासून लाव. मायक्रोकंट्रोलरचं रेफरन्स मॅन्युअल हजारभर पानांचं असतं, ते कुणी सलग वाचत नाही. टायमरचं एक प्रकरण घे आणि व्हिडिओ न बघता, फक्त त्या प्रकरणावरून पीडब्ल्यूएम काढून दाखव. जमलं तर पहिलं सत्र तुला जड जाणार नाही. व्हिडिओंना माझा विरोध नाही, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे पूर्ण कोर्स फुकट आहेत आणि चांगले आहेत. पण कंपनीत तुझ्या चिपचा व्हिडिओ नसतो.

रूममेटचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्स डिझाइनचा पदविका अभ्यासक्रम जुना आहे, नावाजलेला आहे, सी-कॅट परीक्षेनं प्रवेश मिळतो, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे घासून घेतात. सी, लिनक्स, ड्रायव्हर, आरटीओएस (कामं ठरल्या वेळेत उरकणारी ऑपरेटिंग सिस्टिम). ज्याला लवकर नोकरी हवी आहे, ज्याच्या घरी पैसा थांबू शकत नाही, त्याला मी बिनदिक्कत तिकडे पाठवते. तू वेगळं मागते आहेस. तुला ड्राइव्हच्या आत जायचं आहे. सहा महिन्यांत तुला टास्क (प्रोसेसरला द्यायची वेगवेगळी कामं) लिहायला शिकवतील. दोन टास्कना एक प्रोसेसर पुरेल का, हे कागदावर सिद्ध करायला वेळ मिळेलच असं नाही.

हे 'कागदावर सिद्ध करणं' काय असतं त्याची एक चुणूक. १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी एक निबंध लिहिला. ठरावीक काळानं परत परत येणारी, एकमेकांवर न अवलंबणारी कामं असतील, ज्याची पाळी वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम दिला, आणि प्रोसेसरवरचा एकूण भार एका मर्यादेखाली ठेवला, तर कुठलंच काम कधीच वेळ चुकवणार नाही. दोन कामांसाठी ही मर्यादा सुमारे ८३ टक्के, आणि कामं वाढत गेली की ती ६९ टक्क्यांकडे उतरते. त्याहून जास्त भार घातला तर चालणारच नाही असं नाही, पण मग हमी या सूत्रातून मिळत नाही, वेगळं गणित मांडावं लागतं. आमच्याकडे कुणी म्हणालं की 'प्रोसेसर फक्त ८० टक्के वापरात आहे, अजून दोन टास्क बसतील', तर ज्यानं हे शिकलंय तो गप्प बसून आधी वही काढतो.

आणि मार्स पाथफाइंडर. जुलै १९९७ मध्ये यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या अग्रक्रमाचं टास्क एक कुलूप धरून बसायचं, त्याच कुलपासाठी वरच्या अग्रक्रमाचं टास्क ताटकळायचं, आणि मधल्या अग्रक्रमाची कामं मध्ये घुसून खालच्याला पुढे सरकूच द्यायची नाहीत. वरचं टास्क वेळेत संपलं नाही की पहारेकरी टायमर सगळं रीसेट करायचा. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर इंजिनीअरांनी तोच घोळ पुन्हा घडवून आणला आणि प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देणं) नावाची एक सोय, जी त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच होती पण बंद ठेवलेली होती, ती पृथ्वीवरून चालू केली. या सोयीचं गणित त्याआधीच शोधनिबंधांत मांडलेलं होतं. तुझ्या कुठल्याही आरटीओएसमध्ये, फ्रीआरटीओएस घे की झेफिर, म्यूटेक्स (ज्यानं लावलं त्यानंच उघडायचं कुलूप) आणि सेमाफोर (कुणीही देऊ शकेल असा इशारा) अशा दोन वेगळ्या वस्तू का आहेत, याचं उत्तर बरंचसं या गोष्टीत आहे. एम.टेक.ला हे शांतपणे शिकायला दोन सत्रं मिळतात. त्याची किंमत नोकरीच्या पहिल्या वर्षी कळत नाही.

आता ती अट. सरकारी कॉलेज म्हणून डोळे मिटून जाऊ नकोस. एक दिवस रजा टाक आणि विभागात जा. लॅब उघडी आहे का बघ. टेबलावर अर्धवट सोल्डर केलेले बोर्ड, जळका मॉस्फेट, मोटरला बांधलेला एखादा ओबडधोबड ब्रेक दिसला तर ते चांगलं लक्षण. काचेच्या कपाटात कुलूपबंद ट्रेनर किट आणि भिंतीवर ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरचा तक्ता एवढंच असेल तर पुढे विचारपूस कर. ८०५१ मध्ये वाईट काही नाही, १९८० च्या त्या चिपवर माझी पिढी शिकली. पण त्यावर थांबलेल्या लॅबमध्ये नवा बोर्डही कुणी विकत आणून देणार नाही. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ, सरांना नंतर. त्यांना एकच विचार: तुमच्या प्रबंधात हार्डवेअर आहे की फक्त सिम्युलेशन?

हा प्रश्न मी इतका ताणते आहे कारण आपल्याकडचे कितीतरी एम.टेक.चे प्रबंध सिम्युलिंक या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू होतात आणि तिथेच संपतात. सुरेख वक्र, टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शनचा तक्ता, आणि शेवटी 'भविष्यात हार्डवेअरवर पडताळणी करता येईल' असं वाक्य. त्याहून फसवा प्रकार म्हणजे मॉडेलमधून बटण दाबून कोड तयार करायचा आणि बोर्डात भरायचा. कंपन्यांत ते तंत्र सर्रास वापरतात, त्यात कमीपणा नाही, पण निघालेला कोड ज्याला वाचता येतो त्यानंच ते वापरावं. तुझ्या प्रबंधात किमान करंट लूप तरी तू हातानं लिहिलेला असू दे, आणि तो किती मायक्रोसेकंद घेतो हे एक पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर मोजलेलं असू दे. मुलाखतीत तो एक स्क्रीनशॉट तुझ्या चाळीस पानी वाङ्मय-आढाव्यापेक्षा जास्त बोलेल.

खासगी कॉलेजातली एम्बेडेडची जागाही याच मोजपट्टीनं तपास. तिथली लॅब जिवंत आणि सरकारी विभाग झोपलेला असेल, तर माझा सल्ला उलटा कर आणि तिकडे जा, मला वाईट वाटणार नाही. तिकडे इलेक्ट्रिकलच्या गेट पेपरवर शिष्यवृत्ती लागू होते का ते मात्र आधी लेखी विचारून घे. गेट पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्याला एआयसीटीईची महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती २४ महिने मिळते, म्हणजे दोन वर्षांचे २,९७,६००. पुण्या-मुंबईत त्यात थाटात राहता येत नाही, पण घरून पैसे मागण्याची वेळ बरीच टळते. पहिला हप्ता पडेपर्यंतची बचत हाताशी ठेव.

प्रबंधाचा विषय आत्ताच ठरवायची घाई नाही, तरी दोन वाटा दिसतात. एक मोटर कंट्रोल, ती तुला जवळची आहे. दुसरी बॅटरी मॅनेजमेंट. दुचाकींना आगी लागल्यानंतर २०२२ साली बॅटरीच्या सुरक्षेच्या एआयएस-१५६ मानकात सुधारणा झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या, तेव्हापासून बॅटरीच्या आतला मेंदू लिहिणाऱ्यांना विचारणा वाढली आहे. विषय वरून सोपा दिसतो: सेलचं व्होल्टेज वाच, चार्ज किती उरला सांग. पण लोह-फॉस्फेट सेलचा वक्र मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास सपाट असतो, व्होल्टेजवरून काही कळतच नाही. मग करंट मोजून बेरीज करायची, तर सेन्सरमध्ये ५० मिलिअँपिअरचा खोट असला की दिवसभरात १.२ अँपिअर-अवर चूक साचते. इथून कालमन फिल्टर (चुकार मोजमापांतून खरा आकडा अंदाजायची रीत) सुरू होतो, आणि तिथे तुझं कंट्रोल सिस्टिम्सचं जुनं पुस्तक पुन्हा कपाटातून बाहेर येतं. दोन्हीपैकी काहीही घे, पुणे-चाकण-नाशिक पट्ट्यात दोन्हीला गिऱ्हाईक आहे.

एक व्यवहाराची गोष्ट बरेच जण विसरतात. एम.टेक. दोन वर्षांचं असलं तरी प्लेसमेंट बहुतेक ठिकाणी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणजे मुलाखतीला बसताना तुझ्या हातात एकच वर्ष झालेलं असेल आणि प्रबंध अजून कागदावर असेल. म्हणून पहिल्या वर्षीच काहीतरी चालतं करून ठेव. त्यासाठी पदवीच्या पोरांच्या क्लबमध्ये शिरायची लाज बाळगू नकोस. इलेक्ट्रिक बाहा, फॉर्म्युला, रोबोकॉन, जे असेल ते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' नावाचा किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. दोन्हीतलं एम्बेडेड काम पोरांनी वर्षानुवर्षं एकमेकांकडे सोपवत केलं होतं. अशा चमूत सोल्डरिंग गन धरलेली एम.टेक.ची ताई सगळ्यांनाच हवी असते, कारण तिला पगारावर काम केल्याची शिस्त असते. दुसऱ्या वर्षी एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करत प्रबंध करायची मुभा मिळाली तर सोडू नकोस.

जर्मनीचं थोडक्यात. तिथे फ्राइबुर्ग, केमनिट्झ अशा विद्यापीठांत एम्बेडेडची मास्टर्स आहे आणि अभ्यास कसून घेतात. पण पदवीच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र, खात्यात वर्षाच्या खर्चाचे बांधून ठेवायचे ११,९०४ युरो, फ्राइबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो शुल्क, आणि नोकरीसाठी लागणारं जर्मन, हे सगळं एका उन्हाळ्यात जुळत नाही. मावसभावाला विचार, तो स्वतः गेलाय की नुसतं सांगतोय.

बाबांशी वाद घालू नकोस. ज्यानं पावसात खांबावर चढून फ्यूज बसवले त्याला मुलीनं त्याच कचेरीत साहेब म्हणून बसावं असं वाटणं अगदी रास्त आहे. त्यांना हे दाखव की गेटचे गुण तीन वर्षं चालतात आणि पॉवरग्रिड, एनटीपीसीसारख्या सरकारी कंपन्या त्या गुणांवर इलेक्ट्रिकलचे इंजिनीअर घेत आल्या आहेत. एम.टेक. करताना महावितरणची जाहिरात आली तर अर्ज भरायला कुणी अडवत नाही. पण मनात दोन्ही ठेवून लॅबमध्ये बसता येत नाही. पहिलं वर्षभर परीक्षेची पुस्तकं बार्शीलाच राहू देत, असं त्यांच्याकडून कबूल करून घे.

राजीनामा आज देऊ नकोस. कॅपच्या (केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या) फेरीत जागा पक्की होऊन शुल्क भरलं की दे, आणि नोटीसचा काळ किती आहे ते नेमणूकपत्रात आजच बघून ठेव. दोन महिन्यांचा असेल तर वर्ग सुरू होण्याची तारीख चुकेल, तेव्हा साहेबांशी आधीच तोंडी बोलून ठेवलेलं बरं. निघताना अनुभवाच्या पत्रात 'व्हीएफडी कमिशनिंग' आणि 'मॉडबस इंटिग्रेशन' हे शब्द नीट लिहून घे. नुसतं 'इंजिनीअर म्हणून काम केले' असं लिहून देतात, मग कुणाला काहीच कळत नाही.

– ताई